कपाटातला कीबोर्ड

मळ्यातल्या घराची कडी कोणी वाजवत नाही. मखमलाबाद रस्त्यावरून आत वळलं की आधी विहीर, मग शेवंतीचे वाफे, मग अंगण. येणारा विहिरीपासूनच हाळी देत येतो, "हाय का कोणी घरात?" आणि घरातलं माणूस हातातलं काम न सोडता आवाजावरून ओळखतं, कोण आलं ते. रस्त्याच्या अंगाला पुढच्या खोलीचं एक दार आहे खरं, पण ते उघडतं दिवाळीला, नाहीतर मुलगी बघायला पाहुणे आले तर. म्हणून त्या मंगळवारी सकाळी नेमकी त्याच दाराची कडी खडखडली, तेव्हा भाकरी थापणाऱ्या सुवर्णाचा हात परातीतच थांबला.

सकाळ एरवीसारखीच चालली होती. पहाटेची तोडणी उरकून तिचा नवरा कुंदन फूलबाजारात माल टाकून परतला होता आणि मागच्या अंगणात करंड्या धूत होता. लेक शाळेला गेली होती. सासरे गोटीराम मागच्या ओसरीवर सुई-दोरा घेऊन, बाजारात न गेलेल्या झेंडूचे हार ओवत होते. सासूबाई, नवसाबाई, पूजा आटोपून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी दुखरा गुडघा लांब करून बसल्या होत्या आणि सुनेच्या भाकरीकडे बघत होत्या.

"कडी वाजली का गं?" नवसाबाई म्हणाल्या.

"वाजली."

"त्या दारानं कोण येणार मरायला सकाळी सकाळी?"

सुवर्णाने पिठाचे हात पदराला पुसले आणि पुढच्या खोलीत गेली. दाराचा अडसर गच्च बसला होता. तो काढेपर्यंत कडी परत एकदा वाजली.

दारात अमोल उभा होता. ब्रॉडबँड कंपनीचा माणूस. वर्षापूर्वी याच खोलीत खाली बसून त्याने इंटरनेटची लाइन जोडली होती, जाताना चहा घेतला होता आणि "वहिनी, चहा एक नंबर" म्हणाला होता. आज त्याने चपला काढल्या नाहीत. खांद्यावरच्या पिशवीतून पक्कड डोकावत होती.

"कुंदनभाऊ आहेत का घरी?" त्याने विचारलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "लाइन तोडायला पाठवलंय, वहिनी."

लाइन तुटणार म्हणजे इंटरनेट जाणार, आणि त्याच तारेवरचा घरातला फोनही जाणार. त्या फोनचा नंबर तिने महिन्यापूर्वीच छापून घेतलेल्या कार्डांवर होता. 'सुवर्णा पुष्पसजावट. लग्न, बारसे, वास्तुशांत.' तुळशीची लग्नं लागून गेली होती. आता माणसांची लागायची होती. गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉनचं आख्खं स्टेज सजवायचं काम तिच्याकडे येऊ घातलं होतं, आणि नवरीच्या आईने सांगितलं होतं, "मंगळवारी सकाळी फोन करून पक्कं कळवते."

आज मंगळवार होता.

सुवर्णा चांदवडची. कांदेवाल्यांच्या घरातली. बी. कॉम. झाली आणि मळ्यात फुलं पिकवणाऱ्या या घरात आली. पहिल्या वर्षी तिला हार ओवता यायचा नाही. ओवलाच तर मधेच सैल पडायचा. गोटीराम म्हणायचे, "कांद्याच्या गावची पोर, फुलाला पण सोलायला जाईल." ती हसून घ्यायची. पण तिचा डोळा वेगळा होता. हाराला जी फुलं चालत नाहीत, देठ मोडलेली, पाकळी डागाळलेली, अर्धी उमललेली, ती बाजारातून परत आली की उकिरड्यावर जायची. ती फुलं सुवर्णा वेचून घ्यायची. पितळी परातीत पाणी, त्यात निशिगंधाची तुटकी बोंडं, मधे गलांडा. शेजारच्या वास्तुशांतीला तिने दारापासून देव्हाऱ्यापर्यंत अशी एक वाट मांडली, आणि आलेल्या बायका घर बघायच्या सोडून ती वाटच बघत राहिल्या. तिथून कामं यायला लागली.

मग २००७ साली कुंदनने कॉम्प्युटर घेतला आणि लाइन घेतली, ते बाजारभाव कळतील म्हणून. भाव काही फारसे कळले नाहीत. सुवर्णाला मात्र दुसरंच घबाड सापडलं. इंटरनेटवर व्हिडिओ होते. कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया फुलं लावताना दिसायच्या, बोलायच्या काय ते कळायचं नाही, पण हात कळायचे. देठ तिरका कापायचा, तार आतून घालायची, ओला स्पंज पानाखाली लपवायचा.

अडचण एकच होती. त्यांच्या प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीकच डेटा मिळायचा. तो संपला की पुढे मोजून पैसे, आणि व्हिडिओ म्हणजे तर विहिरीवर उघडी सोडलेली मोटर. पण पहाटे दोनपासून सकाळी आठपर्यंत सगळं फुकट होतं. शहरातली माणसं त्यासाठी गजर लावून उठायची. माळ्यांना गजर कशाला? तोडणीसाठी घर चार वाजताच जागं. सुवर्णा चारला उठून व्हिडिओ लावायची आणि परडी घेऊन वाफ्यात निघून जायची. लाइन मुंगीच्या पावलांनी चालायची, पण तिचं काय अडत होतं? तोडणी होऊन परत येईस्तोवर तो व्हिडिओ पूर्ण उतरलेला असायचा. मग चहाचा कप हातात धरून ती तो बघायची, थांबवून, मागे नेऊन, परत बघायची. आठाच्या आत मशीन बंद. आठाचा ठोका तिने एकदाही चुकवला नाही.

आणि तरीही दिवाळीनंतर बिल आलं ते साडेनऊ हजारांचं.

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. व्हिडिओ कोण बघतं? सुवर्णा. मग बिल कोणाचं? तिने परोपरीने सांगितलं, की मी आठनंतर मशीनला हात लावत नाही, नवरात्रात तर दसऱ्याच्या झेंडूपायी ते मशीन डोळ्यांनीही बघितलं नाही. गोटीराम म्हणाले, "माळ्याच्या घरात फुलं लावायला टीव्हीतल्या गोऱ्या बाया शिकवणार! बिल येणारच की." कुंदनने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मशीनचा कीबोर्ड काढला, पंच्यात गुंडाळला आणि लोखंडी कपाटात, बाजाराचे पैसे असतात त्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली आईच्या कमरेला.

सुवर्णाने त्यानंतर पुढच्या खोलीत केर काढण्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

आता त्याच खोलीत सगळे गोळा झाले. कुंदन ओल्या हातांनी आला, मागून गोटीराम गळ्यात अर्धा हार तसाच टाकून आले. नवसाबाई भिंत धरत धरत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"अहो, अमोलभाऊ," कुंदन म्हणाला, "बिल भरतो म्हटलंय ना मी? झेंडूचे पैसे आडतीत अडकलेत. आठ दिवस द्या."

"मी दिले असते हो. पण नुसतं मागचं नाही ना." अमोलने पिशवी खाली ठेवली. "या महिन्याचंही चढत चाललंय. काल ऑफिसात बघून आलो. मर्यादा कधीच ओलांडली तुम्ही. म्हणून साहेब म्हणाले, आधी तोडा, मग बोला."

"या महिन्याचं?"

"हो. वापर चालूच आहे की तुमचा."

कुंदन आधी अमोलकडे बघत राहिला, मग टेबलाकडे. टेबलावर मशीनचा पडदा होता, त्याच्यावर नवसाबाईंनी विणलेला रुमाल, समोर नुसता उंदीर, म्हणजे माउस, आणि कीबोर्डाची रिकामी जागा.

"वापर चालू कसा असेल?" तो हळू म्हणाला. "कीबोर्ड तर कपाटात आहे."

आणि मग त्याने सुवर्णाकडे बघितलं.

ती त्या नजरेची वाट बघतच होती, तरी ती आल्यावर तिचे कान तापले. "काय बघताय?"

"किल्ली कशी मिळाली तुला?"

"कुठली किल्ली?"

"कपाटाची, सुवर्णा. कीबोर्ड काढायचा तर कपाट उघडायला लागेल. कपाट उघडायचं तर किल्ली लागेल."

"मी कपाटाला हात लावलेला नाही."

"मग काय कीबोर्ड चालत आला?" गोटीराम म्हणाले. "त्या खणात बाजाराचे पैसे असतात, एवढं तरी ध्यानात हाय ना?"

हे वाक्य गोटीरामांनी फार विचार करून टाकलं नसेल. पण ते पडलं ते सरळ विहिरीच्या तळाला जाऊन. इतके दिवस ती उधळी होती, हट्टी होती. आता या एका वाक्याने ती कपाट उघडणारी झाली. परक्या माणसासमोर. सुवर्णाने सासूकडे बघितलं. किल्ली यांच्या कमरेला असते, या सांगतील.

नवसाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कमर चाचपली, किल्ली होती. थोडा विचार केला आणि खरं तेच बोलल्या. "अंगुळीला जाताना मी किल्ली खुंटीवर ठेवते बाई. तेवढ्यात कोणी घेतली तर मला काय कळतंय."

"झालं," गोटीराम म्हणाले.

"आत्याबाई!" सुवर्णाच्या तोंडून निघालं.

"मी तू घेतली म्हणाले का? ठेवते एवढंच म्हणाले."

तेवढ्यात मागच्या दाराने हाळी आली. "हाय का गं घरात, सुवर्णे? वाईच विरजण दे." शेजारच्या मळ्यातली कुसाबाई. वाटी हातात घेऊन ती आवाजाच्या दिशेने सरळ पुढच्या खोलीत आली, पक्कड बघितली, सगळ्यांची तोंडं बघितली आणि वाटी पदराखाली घेऊन भिंतीला टेकली. तिला विरजणाची आता अजिबात घाई नव्हती.

"काय झालं गं माय? लाइट कापायला आले का?"

"फोनवाले आहेत, मावशी," कुंदन म्हणाला.

"अगं बाई. आमच्याकडं नाय, ते बरंय. आमच्या सुनेला तर मोबाइलच पुरतो."

अमोल कानकोंडा होऊन पक्कड पिशवीत घालून परत काढत होता. कुंदन एकदम म्हणाला, "तोडा. तोडून टाका. मशीनही विकून टाकतो या आठवड्यात, कटकट नको." त्याचा आवाज मोठा नव्हता, पण शब्द पक्का होता. कुंदन एकदा असं बोलला की मागे फिरत नाही, हे सुवर्णाला लग्नाच्या अकरा वर्षांत पुरतं माहीत झालं होतं.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

फोन खिडकीच्या फळीवर होता. पहिली घंटा. सुवर्णा पुढे झाली, पण मधे कुंदन होता आणि तो बाजूला झाला नाही. दुसरी. कुसाबाई फोनकडे बघत होती, मग सुवर्णाकडे, मग परत फोनकडे. तिसरी.

"माझा असेल," सुवर्णा म्हणाली.

"असू दे. सगळं तुझंच असतं."

ती त्याला वळसा घालून खिडकीपाशी पोहोचली तोवर घंटा बंद पडली होती. रिसीव्हरवर तिचा हात नुसताच राहिला. डोळ्यांत पाणी आलं तर कुसाबाई बघेल, म्हणून तिने मान खाली घातली. आणि म्हणून तिला ते दिसलं.

फळीवर फोनच्या मागे ती काळी डबी होती, जिच्यातून इंटरनेट यायचं. तिच्यावर ओळीने दिवे होते. त्यातला एक हिरवा दिवा लुकलुकत होता. नुसता लागलेला नव्हता, घाईघाईने लुकलुकत होता.

सुवर्णा त्या दिव्याला ओळखत होती. एवढे दिवस पहाटेच्या अंधारात वाफ्याकडे जाताना तिने त्याच्याकडेच बघितलं होतं. लुकलुकतोय म्हणजे व्हिडिओ उतरतोय, आपण निर्धास्त जायचं. थांबला म्हणजे उतरून झाला.

पण आत्ता आठ वाजून गेले होते. घरातली सगळी माणसं या खोलीत उभी होती. मशीनचा पडदा रुमालाखाली काळाठिक्कर होता. मग उतरत होतं ते कोणासाठी?

ती खाली वाकली, जणू काही पडलेलं उचलायला, आणि टेबलाखालच्या मशीनच्या डब्याला हात लावला. डबा गरम होता. मागे पंखा बारीक घुरघुरत होता. हा आवाज करंड्यांच्या खडखडाटात, विहिरीवरच्या मोटरच्या गुणगुणीत कोणाला ऐकू जाणार?

वाकलेली असतानाच तिला सगळा उलगडा झाला. आज मंगळवार. देवीचा वार.

नवसाबाई दर नवरात्रात कळवणच्या बाजूला गडावर जायच्या, पायऱ्या चढून. वीस-बावीस वर्षं खंड नव्हता. यंदा पावसात वाफ्यात घसरून गुडघा गेला आणि गड राहिला. घटस्थापनेच्या दिवशी म्हातारी सकाळपासून रडत होती, तेव्हा कुंदननेच शोधून काढलं होतं, कुठल्याशा भक्तमंडळाने गाभाऱ्यासमोर कॅमेरा लावला होता. घरबसल्या दर्शन. त्याने पडद्यावर देवीचं एक छोटं चित्र ठेवून दिलं. उंदराने त्याच्यावर दोनदा टकटक केलं की समोर देवी. कीबोर्ड लागतच नव्हता. तो कपाटात गेला काय आणि राहिला काय, नवसाबाईंचं काही अडलंच नव्हतं.

पण बंद? बंद त्या कशा करत होत्या?

सुवर्णा उभी राहिली. तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. आत्ता, या क्षणी, एक बोट दाखवलं असतं की काम झालं असतं. चोर सापडला असता, आणि तोही कुसाबाईच्या समोर. दुपारपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत झालं असतं, नवसाबाईनं देवीच्या नावानं घर बुडवलं. म्हातारीने आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत, खुंटीची गोष्ट सांगून तिला लोटलं होतं. सुवर्णाच्या मनात आलं, आता हिची पाळी. आलं, हे खरं आहे. नाही आलं म्हटलं तर ते खोटं होईल.

ती कुसाबाईकडे वळली. "मावशी, वाटी द्या."

"राहू दे गं, घाई नाय."

"दूध निवतंय तुमचं. द्या."

तिने वाटी जवळजवळ ओढूनच घेतली, आत जाऊन दही घातलं आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. कुसाबाईला नाइलाजाने तिकडून यावं लागलं. "काय ते सांग हां मग," ती जाता जाता पुटपुटली. सुवर्णाने तिच्या मागे दार लावून घेतलं. भरदिवसा ते दार कोणी लावत नसे.

ती परत पुढच्या खोलीत आली तेव्हा अमोल शिडी कुठे लावू, असं विचारत होता.

"एक मिनिट थांबा, भाऊ," ती म्हणाली. आणि सासूच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "आत्याबाई, आज देवीचं दर्शन झालं?"

"झालं की. सकाळीच केलं. मंगळवार नाय का?" नवसाबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "गडावर आरती लय झकास चाललेली. बघितली आणि बंद केलं."

"कसं बंद केलंत? मला दाखवा ना."

"ह्ये काय खूळ आता," गोटीराम म्हणाले. "इथं काय चाललंय आन् ही—"

"नाना, दोन मिनिटं."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की गोटीराम थांबले. नवसाबाई खुर्ची टेबलाकडे सरकवून बसल्या. रुमाल काढला, नीट घडी करून मांडीवर ठेवला. मग पडद्याच्या खालचं गोल बटण बोटाने दाबलं.

काळ्या पडद्यावर देवी आली.

शेंदरी, मोठ्या डोळ्यांची. पुजारी पायरीवर पाणी ओतून झाडत होता. कोणीतरी बाई वाकून नमस्कार करत होती, चित्र मधेच अडकलं, आणि मग ती बाई एकदम उभीच दिसली. चालू होतं. सकाळपासून चालूच होतं.

नवसाबाईंनी हात जोडले. "आता बंद." परत तेच बटण दाबलं. पडदा काळा. "झालं. असंच करते मी दर खेपेला." आणि त्यांनी रुमाल परत पडद्यावर घातला, दोन्ही टोकं सारखी केली, देव्हाऱ्याचा पडदा ओढतात तशी.

टेबलाखाली पंखा घुरघुरत होता. फळीवरचा दिवा लुकलुकत होता.

कुंदन खाली वाकला, डब्याला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. "आई," तो म्हणाला, "मी तुला वर कोपऱ्यातल्या फुलीवर टकटक करायला शिकवलं होतं ना? ती फुली दाबल्याशिवाय ते बंद होत नाही."

"देवीच्या डोक्यावर फुली मारू?"

अमोलने पक्कड पिशवीत ठेवली.

"घट बसलेले," नवसाबाई म्हणाल्या, "दिवा अखंड ठेवायचा, आन् मी देवीला फुली मारू? माझा हात नाय झाला बाबा. म्हणून मी टीव्हीच बंद करायची. लाइट गेली का ते आपोआप जायचं, लाइट आली का मी परत लावायची, तेल घालतो तसं. नवरात्र झालं का दसऱ्याच्या पूजेला तू सगळं बंद केलंस. मग पुन्हा मंगळवार, शुक्रवार, पुनव, तेवढंच…" बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी अमोलकडे बघितलं, मग मुलाकडे. "टीव्ही बंद केला तरी चालूच राहतं?"

"चालूच राहतं, आजी," अमोल म्हणाला.

"म्हंजे नऊ दिवस…"

"आई, अगं—"

"म्हंजे मीच?"

गोटीरामांचं तोंड लालबुंद झालं. गळ्यातला हार त्यांनी ओढून काढला, झेंडू खाली सांडले. "म्हातारे, तुला काही—"

"नाना." सुवर्णा उठून उभी राहिली. "त्यांना कोणी काही बोलायचं नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं का, पडदा वेगळा आणि मशीन वेगळं म्हणून? देवी लावून दिली आणि आपण सगळे झेंडूच्या मागे पळालो. मीसुद्धा."

गोटीराम खाली सांडलेली फुलं वेचायला लागले. वेचताना त्यांनी मान वर केली नाही.

नवसाबाईंना बघवत नव्हतं. किल्ली कमरेची सोडून त्यांनी मुठीत धरली होती. सुवर्णाकडे बघायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. "खुंटीचं मी उगाच बोलले," त्या शेवटी म्हणाल्या, अगदी हळू.

सुवर्णाने उंदीर हातात घेतला, रुमाल बाजूला केला, पडद्याचं बटण दाबलं. "आत्याबाई, हात जोडा," ती म्हणाली. नवसाबाईंनी जोडले. मग सुवर्णाने तो बाण फुलीकडे नेला नाही. खालच्या पट्टीवरून, यादीतून, मशीन बंद करायचं तेवढं निवडलं. देवी मावळल्यासारखी गेली. पंखा थांबला. फळीवरचा दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

अमोलने घसा खाकरला. "कुंदनभाऊ, अर्धे जरी आत्ता दिलेत ना, तर मी साहेबांना सांगतो, घरी कोणी नव्हतं. उरलेले महिनाअखेरीला."

"देतो," कुंदन म्हणाला. गोटीरामांकडे बघत नुसती मान हलवली. गोटीरामांनीही हलवली.

फोन परत वाजला. या खेपेला मधे कोणी आलं नाही. सुवर्णाने पहिल्याच घंटेला उचलला. "हो, मीच बोलते. नाही, नाही, घरीच होते, जरा कामात… हो. पांढरी शेवंती, आणि मागे निशिगंधाचा पडदा. मी दोन-तीन प्रकार बघून ठेवते, परवा येऊन दाखवते." बोलताना तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. फक्त फोनची तार तिने बोटाभोवती इतकी घट्ट गुंडाळली होती, की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

तिने फोन ठेवला तोवर कुंदनने आईच्या मुठीतून किल्ली घेतली होती. माजघरात कपाटाचा दरवाजा करकरला. अमोलला द्यायचे पैसे त्याने मोजून घेतले. खणात, नोटांच्या चवडीशेजारी, पंच्यात गुंडाळलेला तो लांबट गठ्ठा होता. त्याचा हात त्या गठ्ठ्याला लागला असेलच. पण डोक्यात पैसे होते, अमोल दारात उभा होता, आणि हाताला सवय होती. त्याने कपाट लोटलं आणि किल्ली फिरवली.

अमोल पैसे घेऊन त्याच दाराने गेला. जाताना या खेपेला "येतो वहिनी" म्हणाला. सुवर्णाने अडसर परत बसवला.

"चहा टाक गं जरा," गोटीराम म्हणाले. त्यांची माफी अशीच असायची. दुसऱ्या कुठल्या रूपात ती कोणी बघितली नव्हती.

कुंदन ओट्यापाशी येऊन उभा राहिला. किल्ली हातात खेळवत होता. "सुवर्णा," तो म्हणाला, "झालं ते… म्हणजे मला काय माहीत, कीबोर्डशिवाय पण ते…" पुढे त्याला सापडेना. "तुला काही हवंय का बाजारातून? उद्या जाताना आणतो. स्पंज म्हणत होतीस मागे."

परातीतलं पीठ वाळून कोरडं पडलं होतं. सुवर्णाने त्यावर पाण्याचा हात मारला. तिला पुष्कळ बोलायचं होतं. किल्लीबद्दल, त्या एका वाक्याबद्दल, कुसाबाईसमोरच्या त्या तीन घंटांबद्दल. ते सगळं तिने पिठात मळलं. मग हात झटकून वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "माझा कीबोर्ड कपाटातून काढून द्या."